कानातलं बंद पडलेलं नाही, नवीन घेऊ नका

३१ जानेवारी उलटली, क्लायंट्सची रिटर्न्स गेली, म्हणून आता निवांत लिहायला बसले आहे. पोस्ट मोठी आहे आणि थोडी भांडकुदळ आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी मधला दुरुस्तीचा भाग तेवढा वाचावा. पण मग वाद घालायला येऊ नये.

परवा इथे पिनरमध्येच एका घरी हळदीकुंकू होतं. वाण म्हणून काय मिळालं असेल? वायरलेस इअरबड्स. छोटी पांढरी डबी, वर सॅटिनची रिबीन. यजमानीणबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही, तिळाच्या वड्या अप्रतिम होत्या, मी चार खाल्ल्या. तक्रार आहे ती नंतर जे बोलणं झालं त्याबद्दल. कुणीतरी विचारलं, "हे टिकतात का गं?" आणि तीन-चार जणी एका सुरात म्हणाल्या, "टिकायचं काय त्यात, एका कानातलं बंद पडलं की फेकायचं आणि दुसरं घ्यायचं."

तेव्हा मी गप्प बसले, कारण तोंडात वडी होती. आता बोलते.

आपल्या घरांत 'बंद पडले' म्हणून जे इअरबड्स ड्रॉवरमध्ये जातात, त्यातले कितीतरी बंद पडलेलेच नसतात. ते नीट जोडले जात नसतात, एवढंच. पंधरा मिनिटांची खटपट करायचा आपल्याला कंटाळा, म्हणून आपण चाळीस पौंड मोजतो, आणि वर पोरांना ताटात अन्न टाकू नये म्हणून ऐकवतो.

हे मी हवेत बोलत नाही. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट आहे, आधी ऑडिट केलं. घरात आम्ही चौघं. २०१९ पासूनची कार्डांची स्टेटमेंट्स काढली आणि एक साधी शीट बनवली. अकरा जोड्या, एकूण ७४२ पौंड. आकडा बघून नवरा म्हणाला, "यात माझ्या किती?" मी म्हटलं, "चार." मग त्याने विषय बदलला. अकरापैकी तीन वापरात, एक शाळेच्या लॉस्ट प्रॉपर्टीत गडप, आणि सात ड्रॉवरमध्ये. रविवारी दुपारी त्या सात घेऊन टेबलाशी बसले. चार चालू झाल्या. पार्ट नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, कुणाची मदत नाही. तिघींच्या बॅटऱ्या खरोखर संपल्या होत्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगते. म्हणजे जी मालमत्ता मी मनातल्या मनात राइट-ऑफ केली होती ती ड्रॉवरमध्ये धडधाकट पडून होती. एखाद्या क्लायंटने असं केलं असतं तर मी त्याला काय काय सुनावलं असतं.

पण मला खरा राग पैशांचा नाही. तो कोल्हापूरचा आहे.

गणपतीत गेले होते तेव्हा बाबांसाठी इअरबड्स नेले. बाबा ७६ वर्षांचे, एसटीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त. जेवणाआधी तासभर यूट्यूबवर कीर्तन ऐकतात, तेव्हा आईला टीव्ही ऐकू येत नाही म्हणून घरात रोजचं महाभारत. म्हटलं, मिटेल. मिटलंही. महिनाभर बाबा खूश. मग फोन विचित्र वागायला लागला. शनिवारी इथले सकाळचे आठ वाजले की मी फोन करते, म्हणजे तिकडे दुपार. बाबा उचलायचे, "हॅलो, हॅलो" असं अगदी लांबून ऐकू यायचं आणि फोन कट. परत लावला की तेच. कधी कधी मात्र एकदम स्वच्छ. बाबा फोन घेऊन राजारामपुरीतल्या दुकानात गेले, तिथे उत्तम चालला. घरी आले, परत बंद. दोनदा असं झालं.

मग बाबांनी फोन करणंच थांबवलं. विचारलं की आई सांगायची, "झोपलेत." तीन आठवडे. दिवाळीत पुण्याहून भाची आली तिला ते म्हणाले, "फोन चांगला आहे गं, दुकानदाराने बघितलाय. माझे कान गेले. ताईला सांगू नकोस, लांब बसून काळजी करत बसेल."

भाचीने फोनच्या वरच्या पट्टीवर ब्लूटूथची खूण बघितली आणि दोन मिनिटांत उलगडा झाला. उजव्या इअरबडच्या बुडाशी जे चार्जिंगचे दोन ठिपके असतात त्यांवर मळ बसला होता. त्यामुळे डबीत ठेवला तरी तो कधी टेकायचा, कधी नाही. टेकला नाही की त्याला वाटायचं आपण अजून कानात आहोत, मग तो फोनला जोडलेलाच राहायचा. कीर्तन संपवून बाबा डबी कपाटात ठेवायचे, दीड तासाने माझा फोन यायचा आणि माझा आवाज जायचा कपाटात. दुकानात तो फोन चालायचा, कारण कपाट घरी!

कोरडी कापसाची काडी, वीस सेकंद. एवढ्यासाठी माझ्या वडिलांनी स्वतःला बहिरं ठरवलं होतं. आणि ती वस्तू मी दिली होती, कशी चालते ते न सांगता. म्हणून ही पोस्ट. आपण सगळेच दर सुट्टीत बॅगा भरून ह्या डब्या तिकडे नेतो.

आता दुरुस्ती. आधी हे चालतं कसं ते थोडक्यात, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात बोलतं. तो पट्टा कुणाच्या मालकीचा नाही, चावडीसारखा आहे. तिथेच आपलं जुनं वायफाय, तिथेच मायक्रोवेव्ह, तिथेच शेजाऱ्यांचे स्पीकर. म्हणून नेहमीचं संगीताचं ब्लूटूथ त्या पट्ट्याचे ७९ बारीक कप्पे करतं आणि सेकंदाला १६०० वेळा या कप्प्यातून त्या कप्प्यात उड्या मारतं. गर्दी झाली की उडी चुकते, आवाज तुटतो. बेकर स्ट्रीटच्या फलाटावर संध्याकाळी साडेपाचला तुटला तर तुमचे इअरबड्स निर्दोष आहेत. मेट्रोपॉलिटन लाइन पुढे उघड्यावर आली, डबा थोडा रिकामा झाला की आपोआप सुधारतील. दुसरं, ह्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. फोन पॅंटच्या मागच्या खिशात आणि आवाज डाव्या कानातून तुटतोय, तर खिसा बदला. आमच्या चिरंजीवांचा 'डिफेक्टिव्ह' सेट असा एका खिशाने सुधारला. मी हसले नाही. म्हणजे त्याच्यासमोर नाही.

एकच बाजू चालत नसेल तर पहिला संशय मळावर घ्या. कानातला मेण, खिशातली धूळ, क्रीम. इअरबडचे ठिपके आणि डबीच्या आतल्या पिना, दोन्ही पुसायचे, कोरड्या कापसाने किंवा मऊ ब्रशने. टाचणी घालायची नाही! जाळीवर टाचणी चालवून मी स्वतः एकाचा जीव घेतलाय. मग दोन्ही डबीत ठेवून अर्धा तास चार्ज करा आणि दोन्हींचा दिवा लागतो का किंवा फोनवर दोन्हींची बॅटरी दिसते का ते बघा. एक चार्जच होत नसेल तर तो जोडला जाणार तरी कसा? आपण मात्र फोनच्या सेटिंगमध्ये बोटं घालत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

चार्ज होतोय पण जोडला जात नाही, किंवा भलत्याच ठिकाणी जोडला जातो, तर दुसरा संशय जुन्या संसारावर. हे इअरबड्स पूर्वी ज्याला जोडले होते ते सगळं लक्षात ठेवतात. मुलाचा जुना टॅब्लेट, शाळेचा लॅपटॉप, बाबांचा फोन, बैठकीतला टीव्ही. डबी उघडली की ह्यातलं जे जवळ आणि चालू असेल ते त्यांना पळवतं. आमच्याकडे धाकटीचे इअरबड्स रोज संध्याकाळी 'बंद' पडायचे, म्हणजे वरच्या मजल्यावर दादाचा टॅब्लेट चालू व्हायचा तेव्हा. उपाय असा: जिथे जिथे ते कधी जोडले होते त्या प्रत्येक उपकरणात ब्लूटूथच्या यादीत जाऊन 'फर्गेट' करा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, फक्त स्वतःच्या फोनवर करून उपयोग नाही. मग इअरबड्स रिसेट करा. बहुतेक कंपन्यांमध्ये दोन्ही डबीत ठेवून डबीवरचं किंवा इअरबडवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं असतं, दिव्याचा रंग बदलतो. आपल्या मॉडेलचं नेमकं कसं ते कंपनीच्या पानावर असतं, ते वाचा. त्यानंतर एकाच फोनला नव्याने जोडा. कंपनीचं ॲप असेल तर त्यात अपडेट आलंय का तेही बघून घ्या. माझ्या चारपैकी दोन जोड्या ह्याने उठल्या, दोन मळाने.

तिसरी तक्रार आपल्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त येते: गाणी छान ऐकू येतात, पण ऑनलाइन मराठीच्या वर्गात किंवा आजीच्या व्हिडिओ कॉलवर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. यात बिघाड काहीच नाही. गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, तेव्हा ब्लूटूथ पूर्ण रुंदी वापरतं. इअरबडचा माइक चालू झाला की आवाज दोन्ही दिशांनी न्यावा लागतो, मग बहुतेक इअरबड्स वेगळ्या, अरुंद पद्धतीवर जातात. ती मुळात हॅंड्सफ्री फोनसाठी बनलेली. स्टीरिओ जातो, बारकावे जातात. लॅपटॉपवर असाल तर सेटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडा आणि स्पीकर म्हणून इअरबड्स. झालं. मुलाला 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू येत नाहीत म्हणून बाईंनी तीनदा म्हणून घेतलं होतं, आणि दोष सेटिंगचा निघाला.

लॅपटॉपचंच आणखी एक. शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा डॉक लावलेला असेल तर तो नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतो. हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलंय. डिस्क हातभर लांब सरकवा. आणि घरचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घेता येत असेल तर घ्या, चावडीवरची गर्दी तेवढी कमी.

बस. एवढंच आहे. आता भांडण.

"तुझा तासाचा रेट काय आणि तू वीस पौंडांच्या वस्तूवर रविवार घालवतेस?" हे मला माझ्याच धंद्यातल्या एकाने ऐकवलं. बरं, रेटनेच बोलू. नवीन घ्यायला वेळ लागत नाही असं वाटतं तुम्हाला? रिव्ह्यू वाचायचे, मुलाशी कुठली कंपनी यावरून वाद, पार्सलची वाट, मग ते जोडणं. आणि जोडताना जुन्यांना विसरवलं नाही तर तोच घोळ नव्या डबीसकट. मी दोन्हींची वेळ लावून बघितली आहे. दुरुस्ती स्वस्त पडते.

"मुलांना शाळेत हसतात." हो, वायरचे इअरफोन घेऊन गेला तर पहिले दोन दिवस हसतात, मान्य. माझ्या मुलाला हसले. आता गृहपाठाला आणि ऑनलाइन वर्गाला तो वायर लावतो, बसमध्ये वायरलेस. पोळ्या लाटताना मीही वायरलेसच लावते, मी काही संन्यास घ्यायला सांगत नाहीये. पण ज्या कामात आवाज तुटून चालणार नाही तिथे वायर. बाबांनाही आता राजारामपुरीतल्याच दुकानातून अडीचशे रुपयांचा गोल पिनेचा इअरफोन आणून दिलाय. कानातून काढला की काढला, कपाटात जाऊन गुपचूप बोलत बसत नाही.

आणि मग ती खरोखर बॅटरी संपलेली तीन. ह्यांच्याबद्दल मात्र आपला दोष नाही, इथे कंपन्यांना धरायला हवं. इअरबडमध्ये चण्याएवढी लिथियमची बॅटरी, ती गोंदाने बंद. उघडायला गेलं तर वस्तूच फुटते. ॲपलचे एअरपॉड्स २०१६ मध्ये आले तेव्हा आयफिक्सिटवाल्यांनी उघडून बघितले आणि दुरुस्तीयोग्यतेचे गुण दिले दहापैकी शून्य. होत नाही म्हणून असं करतात म्हणावं, तर तसंही नाही. फेअरफोन ह्या डच कंपनीने २०२४ मध्ये असे इअरबड्स काढले की त्यांची आणि डबीची बॅटरी घरी बदलता येते. एक लहान कंपनी करू शकते. बाकीच्यांना करायचं नाही, कारण आपण हळदीकुंकवाला 'फेकायचं आणि दुसरं घ्यायचं' म्हणतो.

सरकार? ब्रिटनमध्ये जुलै २०२१ पासून दुरुस्तीच्या हक्काचे नियम आले, त्यात वॉशिंग मशिन, डिशवॉशर, फ्रिज, टीव्ही. कानातलं नाही. युरोपियन युनियनमध्ये १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-बदलता यायला हव्यात असा नियम आहे, काही अपवाद सोडून. पण आपण आता त्या घरातून बाहेर पडलोय. गंमत बघा, एकदाच वापरायच्या व्हेप्सवर इथे १ जून २०२५ पासून बंदी आली. लिथियम बॅटरी कचऱ्यात फेकली जाते, आगी लागतात, हे त्यातलं एक मोठं कारण. मग दोन वर्षांत फेकायचं, उघडता न येणारं, लिथियम असलेलं दुसरं काय आपल्या पोरांच्या कानात आहे? पण त्यावर कुणी बोलत नाही, कारण त्याला धूर येत नाही.

तोपर्यंत हातात जो कायदा आहे तो तरी वापरा. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५. गेल्या वर्षी मुलाचा एक सेट चौथ्या महिन्यात चार्ज धरेना. दुकानात गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, कंपनीशी बोला. हे वाक्य ऐकलं की आपली माणसं मुकाट घरी येतात. येऊ नका! तुमचा करार दुकानाशी आहे, कंपनीशी नाही. पहिल्या ३० दिवसांत दोष निघाला तर वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत निघाला तर तो सुरुवातीपासून होता असं धरलं जातं, नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. सहा महिन्यांनंतर सिद्ध करणं आपल्याकडे येतं, पण हक्क संपत नाही, इंग्लंडमध्ये सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि वस्तू किती टिकावी हाही त्या कायद्यात दर्जाचाच भाग आहे. किंमत १०० पौंडांहून जास्त असेल आणि क्रेडिट कार्डवर घेतली असेल तर १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कार्ड कंपनीही बांधील. मी दोन ईमेल लिहिल्या, कलमासकट. नवा सेट आला. म्हणून म्हणते, पावत्या ठेवा. पावतीचा फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाकायला किती वेळ लागतो?

आणि खरंच संपलेले असतील ते घरच्या कचऱ्यात टाकू नका. हॅरोवाल्यांनी फॉरवर्ड ड्राइव्हच्या केंद्रावर न्यावेत, बाकीच्यांनी आपापल्या काउन्सिलचं बघावं.

पिनर मेमोरियल पार्कमध्ये हीथ रॉबिन्सनचं छोटं संग्रहालय आहे, मुलांना नेलं नसेल तर न्या. हा चित्रकार काही वर्षं इथेच पिनरमध्ये राहायचा. दोऱ्या, कप्प्या, गाठी मारलेल्या सुतळ्या असली अचाट यंत्रं काढायचा, इतकी की इंग्रजीत कसंबसं जुगाड केलेल्या यंत्राला त्याचंच नाव पडलं. संग्रहालय उघडलं ऑक्टोबर २०१६ मध्ये. त्याच्या महिनाभर आधी आयफोन ७ आला होता, इअरफोनचं भोक काढून टाकलेला. माझी धाकटी त्या चित्रांसमोर उभी राहून म्हणाली, "आई, ह्यात काय तुटलंय ते दिसतंय तरी." तापकीर गल्लीत दहा रुपयांत रेडिओला डाग देऊन मिळायचा, तेव्हाही दिसायचंच की.

असो. येत्या शनिवारी दोन ते पाच मी घरी आहे. पिनर, ईस्टकोट, हॅरो भागातल्यांनी आपापला ड्रॉवर घेऊन या, पत्त्यासाठी मेसेज करा. नुसते इअरबड्स आणू नका, डबी हवी, चार्जिंगची वायर हवी, आणि मुलाचा फोन-टॅब्लेट त्याच्या पासवर्डसकट हवा, 'फर्गेट' तिथूनच करावं लागतं. हळदीकुंकवाचं वाण ज्यांचं आत्ताच बंद पडलंय त्यांनीही या, नाव सांगणार नाही. चहा आहे. वड्या संपल्या.